आधी वाटा, मग किल्ले: सह्याद्रीतल्या दहा वर्षांची आखणी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, वय 36. सिंहगड, राजगड, तोरणा, लोहगड झालेत, पाचनईकडून हरिश्चंद्रगड आणि बारीतून कळसूबाईही झालंय. आता येत्या दहा वर्षांत महाराष्ट्राचे डोंगर पायाखाली घालायचे आहेत. साडेतीनशे किल्ल्यांची एक्सेल शीट तयार आहे. वर्षाला किती किल्ले धरावेत, सुरुवात कुठल्या भागातून करावी, आणि घरी पत्नी व आठ वर्षांची मुलगी असताना हे जमवावं कसं?

आधी ती एक्सेल शीट बंद करा. फेकू नका, पण निदान चार वर्षं उघडू नका. किल्ले मोजायला लागलेला माणूस डोंगर कमी आणि पार्किंग जास्त बघतो. पायथ्यापर्यंत गाडी, तासाभरात वर, दरवाज्यात फोटो, खाली, पुढचा किल्ला. एका दिवसात तीन उरकले की शीटमध्ये तीन हिरवे चौकोन होतात, पण दोन किल्ल्यांच्या मधली सोंड (डोंगराची उतरत गेलेली धार), खिंड, पाण्याची जागा, वाडी यांतलं काहीच पाहिलेलं नसतं. शिवाय साडेतीनशे हा आकडाही पक्का नाही. गढ्या धरल्या की वाढतो, भुईकोट सोडले की घटतो, टेहळणीची चौकी किल्ला मानायची की नाही यावर तर दोन याद्याही जुळत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आखणी करताना काय किती उरणार आहे हे आधी बघा. राजगड आणखी तीस वर्षांनीही जागेवर असेल. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा आपल्याकडचे आहेत, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत. त्यांची पडझड, डागडुजी, गर्दी काय व्हायची ती होईल, पण ते हरवणार नाहीत. घाटवाटा मात्र हरवतायत. देशावरून कोकणात उतरणाऱ्या या वाटांवरून मीठ आलं, भात गेला, गुरं बाजाराला गेली, लग्नाची वऱ्हाडं गेली. आता घाटाखालच्या माणसाला वर सोयरिकीला जायचं तर तो मोटारसायकलला किक मारून डांबरी रस्त्याने लांबून जातो. तीन-चार पावसाळे वाट कुणी तुडवली नाही की कारवी दोन्ही बाजूंनी मिटते, नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, दरड येऊन बसते, आणि मग गावात विचारलं तर उत्तर येतं, "वाट हाय, पन मोडली." ती वाट नीट सांगणारी माणसं साठी-सत्तरीची आहेत. त्यांची मुलं चाकण, पनवेल, भिवंडीला असतात आणि ती वाट त्यांनी कधी चाललेली नसते. म्हणून आधी वाटा, नंतर किल्ले. वाटा नीट चालल्यात तर निम्मेअधिक किल्ले आपोआप पदरात पडतील, कारण ते बांधलेच मुळी वाटांवर नजर ठेवायला.

आता हिशेब. वर्षाला 52 शनिवार-रविवार. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत लांब आणि आडवाटेच्या मोहिमा बंद धरा, एप्रिल-मे उन्हाने गेले. उरले अठ्ठावीसच्या आसपास. त्यातून दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर, घरातलं आजारपण, ऑफिसातल्या कुणाची तरी "फक्त एक तास ये" अशी शनिवारची मीटिंग वजा करा. नोकरी-संसार असलेल्या माणसाच्या हाती सोळा-अठरा उरतात. त्यातले बारा डोंगराचे धरा, वर्षाला एकच चार-पाच दिवसांची सलग रजा धरा. दहा वर्षांत 120 शनिवार-रविवार आणि दहा मोठ्या फेऱ्या. ही तुमची खरी शिल्लक. कुठलंही ध्येय या आकड्यात बसवून बघा, न बसलं तर ध्येय कापा, आठवडे वाढवायला जाऊ नका. वर्षाला तीस ट्रेकचा संकल्प मार्चपर्यंत टिकतो.

या 120 चं एकक "किल्ला" नको, "रांग" किंवा "पट्टा" धरा. एका पट्ट्यात दोन-तीन हंगाम काढले की तिथली गावं, एसटीच्या वेळा, बारमाही टाकी, चांगला वाटाड्या हे सगळं ओळखीचं होतं आणि पुढची प्रत्येक फेरी स्वस्त, सोपी आणि खोल होते. पुण्याहून सुरुवात करायची तर माझं मत जुन्नर-आंबेगाव पट्ट्याला. नाणेघाट, दाऱ्या घाट, अहुपे घाट आणि भीमाशंकरचे गणपती व शिडी घाट या एकाच कड्यावरच्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे एकापाठोपाठ लागणाऱ्या वाटा. मध्ये जीवधन, ढाकोबा आणि दुर्ग नावाचा किल्ला. पुढे जुन्नरच्या पोटात चावंड, हडसर, निमगिरी, शिवनेरी. नाणेघाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत. हा घाट बांधीव, रुळलेला, चुकायला कठीण. पहिली घाटवाट म्हणून हीच. मात्र जुन्नरहून गाडीने घाटघरला जाऊन वरून डोकावू नका. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याला उतरून खालून चढा. घाट कोकणातून चढल्याशिवाय कळत नाही.

याउलट शिडी घाट पहिल्या वर्षी नको. खांडसहून गणपती घाटाने वर जा आणि त्यानेच उतरा. शिड्यांचा टप्पा सुटीच्या गर्दीत ट्रॅफिक जाम होतो आणि खाली उतरणारा माणूस घाबरला की वर पन्नास जण खोळंबतात.

वाट ओळखायचं शिक्षण कुठे घ्यायचं, तर भोर-वेल्ह्याकडे केळदला. केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीत उतरायचं आणि मढे घाटाने परत वर यायचं, असा एका दिवसाचा फेरा होतो. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचं शव याच मढे घाटाने उमरठला नेलं असं सांगतात. पण मी हा फेरा सुचवतोय तो दुसऱ्या कारणाने. खाली उतरल्यावर पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या सपाटीवरच्या, झाडीत माणसाची वाट आणि ढोरवाट सारख्या भेटत राहतात आणि नवख्याची गफलत होते ती इथेच. गुरांची वाट एकाची तीन-चार होते, उतारावर आडव्या समांतर रेघा मारत जाते आणि कमरेच्या उंचीवरच्या फांद्यांखालून आरामात निघून जाते. गाय वाकत नाही, पण तिची उंची तेवढीच. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कधी ना कधी कोयत्याने छाटलेल्या असतात. छाट जुना असला तरी तिरका आणि स्वच्छ दिसतो. चढ तीव्र झाला की पायाला टेकण दिलेले दगड बसवलेले सापडतात, कातळ आला की खोबण्या. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही, तर वाट तुमची नाही. शेवटची खूण जिथे पटली होती तिथे परत जा. "पुढे मिळेल कुठेतरी" या वाक्याने सह्याद्रीत जितक्या रात्री उघड्यावर काढायला लावल्यात तितक्या पावसानेही लावल्या नसतील.

दुसरा पट्टा नाशिकचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण पुण्या-मुंबईची माणसं नाशिक म्हटलं की हरिहरच्या पायऱ्यांवर जाऊन फोटो काढतात आणि मागच्या मागे परत फिरतात. दिंडोरी-कळवणपासून चांदवडपर्यंत गेलेली सातमाळ रांग आहे. पश्चिमेकडून अचला, अहिवंत, मध्ये सप्तशृंगी, समोर मार्कंड्या, मग रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना आणि चांदवडच्या अंगाला राजदेहेर, कोळदेहेर, इंद्राई. एकाच्या माथ्यावरून पुढचे दोन आणि मागचे दोन दिसतात. महाराष्ट्रात "रांग" डोळ्यांनी एवढी स्वच्छ वाचता येणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या खेपेला दगडपिंप्रीहून अचला आणि दरेगावहून अहिवंत, दुसऱ्या खेपेला बाबापूर-मुळाणे बाजूने मार्कंड्या आणि रवळ्या-जवळ्या, तिसरी पूर्ण खेप हट्टीहून धोडपला, चौथी राजदेहेरवाडीत मुक्काम टाकून राजदेहेर, कोळदेहेर, इंद्राई. धोडपला घाई करू नका. माथ्याच्या सुळक्यापासून निघालेल्या कातळभिंतीला मध्येच चौकोनी खाच आहे. ती भिंत म्हणजे डाइक, जुन्या लाव्हाच्या थरांना उभी चीर पडून तिच्यात वर आलेला आणि थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, ती उरली. हे एकदा धोडपला नीट पाहिलं की पुढे कितीतरी सुळके आणि भिंती तुम्हाला ओळख देतील.

सातमाळच्या उत्तरेला बागलाण. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. 1672 ची साल्हेरची लढाई उघड्या मैदानातली होती, म्हणून पायथ्याचा मुलूखही वरून शांतपणे बघा. साल्हेर-सालोटा एकत्र, मुल्हेर-मोरा-हरगड एकत्र. पुण्याहून हे अंतर दोन दिवसांच्या सुटीत ओढाताण करतं, म्हणून वर्षाच्या मोठ्या रजांपैकी एक बागलाणला द्या.

राहिले कोयना, चांदोली, दक्षिण कोकण, कोल्हापूर-सिंधुदुर्ग. इथे परवानगी हा आखणीचा पहिला मुद्दा होतो. वासोट्याला बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जायचं, वनखात्याची नोंद लागते, पावसाळ्यात बंद. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे "आतून एक वाट आहे, कुणी विचारत नाही" असं सांगणाऱ्याबरोबर जाऊ नका. खेड तालुक्यातली रसाळगड-सुमारगड-महिपतगड ही जोडयात्रा मात्र बिनगर्दीची आणि दोन दिवसांत पुरी होणारी. सुमारगडाच्या माथ्यावर चढताना कातळटप्पा आहे, तेवढा अनुभवी माणूस बरोबर हवा.

"महाराष्ट्र" म्हणालात म्हणून एक टोचणी. तुमची शीट मी न बघता सांगतो, त्यात पुणे, सातारा, रायगड, नाशिक भरलेले असतील आणि खानदेश-विदर्भ-मराठवाड्याच्या ओळी तळाला असतील. आपल्या राज्यातला बराच डोंगर सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगेत आहे. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातला अस्तंभा, जिथे दिवाळीत आदिवासींची यात्रा भरते आणि माणसं रात्रीतून वर चढतात. त्याला जोडून तोरणमाळ. अकोल्याकडून शहानूरमार्गे नरनाळा आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, जो डिसेंबर 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने घेतला. दोन्ही मेळघाटाच्या अंगाला असल्याने आतली हालचाल वनखात्याच्या नियमाने, आणि तो नियम योग्यच आहे. अजिंठ्याच्या रांगेत अंतूर, वेताळवाडी, जंजाळा. जंजाळ्याच्या पोटात घटोत्कच लेणी आहेत. या सगळ्यांना डिसेंबर-जानेवारी सोडून जाऊ नका. दहा मोठ्या रजांपैकी चार इकडे लिहून टाका, आत्ताच, पेनाने. नाहीतर दहाव्या वर्षी तुम्ही तिसऱ्यांदा हरिश्चंद्रगडावर सापडाल.

अवघड वाटांचा क्रम वयाने ठरवायचा. तुम्ही 36 चे आहात. अलंग, मदन, नळीची वाट, बोराट्याची नाळ हे पंचेचाळीसनंतरही करता येतं, पण गुडघे आणि घरचे दोघेही कुरकुरतात. म्हणून दुसऱ्या ते पाचव्या वर्षात ही कामं संपवा. जलदुर्ग आणि भुईकोट शेवटच्या वर्षांना ठेवा, नळदुर्ग-परांड्याला पन्नाशीतही धाप लागत नाही. अलंग-मदन-कुलंग या तिघांना लोक एकाच दमात "एएमके" म्हणतात आणि तिघंही सारखेच अवघड समजतात. कुलंगला दोर लागत नाही. लागतो तो दम, कारण चढ संपतच नाही. अलंग आणि मदनला पायऱ्या तुटलेल्या आहेत, तिथे दोर, हार्नेस, बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून-वरून सांभाळणारा, जाणता माणूस हवाच. त्याआधी एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेचं प्रस्तरारोहणाचं प्राथमिक प्रशिक्षण घ्या. दोर कसा धरायचा एवढ्यासाठी नव्हे. समोरचा "सगळं सेफ आहे" म्हणतो तेव्हा ते खरं आहे का, हे तुम्हाला बघता यावं म्हणून. कातळात आधीच ठोकलेला गंजका बोल्ट आणि कुणीतरी सोडून गेलेला, उन्हाने पांढरा पडलेला दोर, यांच्यावर स्वतःचं वजन टाकायचं नाही. नाळेत हेल्मेट घालायचं, आणि एकाच्या डोक्यावर दुसरा अशा रेषेत चढायचं नाही. घसाऱ्यातला दगड वरच्याच्या पायाखालून सुटतो आणि खालच्याला शोधत येतो.

तयारीसाठी तुमच्याकडे आतकरवाडीची वाट आहे, तिचा उपयोग करा. सिंहगडाला उभा चढ साधारण 600 मीटर. आठवड्यातून एकदा पाठीवर आठ किलो घेऊन वर जा आणि, मुख्य म्हणजे, चालत खाली या. घाटरस्त्याने वर गाडी मागवून ठेवणारे खूप आहेत आणि त्यांचेच गुडघे पुढे दगा देतात. किती मिनिटांत चढलात याची स्पर्धा करू नका. मला पाठीवर वजन असताना तासाला 300 मीटर चढ न थांबता जमणारा माणूस पुरतो. त्या वेगाने कुठल्याही मोहिमेची वेळ नकाशावरून काढता येते.

नकाशावरून म्हणालो, कारण मोबाइलवर दुसऱ्याचा जीपीएक्स ट्रॅक (त्याने चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) लावून रेघेमागे चालणं याला वाट येणं म्हणत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून मोफत उतरवून घेता येतात. दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक 20 मीटर. घरी बसून त्यावर सोंड कुठली, नाळ कुठली, पदर कुठे सपाट आहे हे पेन्सिलने काढा, मग ट्रॅक बघा. दोन्ही जुळत नसतील तर ट्रॅक टाकणारा चुकून परत फिरला होता का ते तपासा. बरेचदा तसंच निघतं.

पावसाळ्याबद्दल. दर जूनला समाजमाध्यमांवर धबधबे सुरू होतात आणि मग जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेश निघतात. त्या आदेशांवर चिडू नका. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. दोन्ही गावं ट्रेकर मंडळी जातात त्याच उतारांखाली होती. पावसाळ्यात नाळ, कडा, शिडी, ओढा ओलांडायचा असेल अशी कुठलीही वाट नको. चालायचंच असेल तर पन्हाळा ते पावनखिंड चाला, 1660 च्या त्या रात्रीची आठवण म्हणून दरवर्षी जुलैत माणसं निघतात. मसाई पठारावरून, चिखलातून, पन्नासेक किलोमीटर. इथे पडलात तर बहुधा कपडेच खराब होतात. बाकी पावसाळा वाचनाला, नकाशांना आणि व्यायामाला द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुलते, तेव्हा बाहेर पडा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सगळीकडून फुलते आणि प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं असतं. तिच्या मागावर राहण्यासाठी आधीच गावच्या माणसाचा फोन नंबर हवा.

त्यावरून नोंदवहीचं सांगतो. एक्सेलपेक्षा कागदी वही बरी, पण कशातही लिहा, फक्त "छान झाला ट्रेक" लिहू नका. तारीख, किती वाजता कुठे होतात, वाट कुठे चुकायला लावते, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पाणी. कुठलं टाकं, कुठल्या महिन्यात, किती पाणी, पिण्याजोगं की शेवाळलेलं. नोव्हेंबरात तुडुंब असलेलं टाकं फेब्रुवारीअखेर तळ दाखवतं. पाच वर्षांनी तुमची वही कुठल्याही संकेतस्थळापेक्षा भरवशाची होईल. पाण्याची खात्री नसेल तिथे माणशी चार लिटर पाठीवर, वाद नाही. आग्या मोहोळ कुठल्या कड्याला आहे तेही लिहा. अशा जागी अत्तर, धूर, आरडाओरडा चालत नाही.

सामानावर लोक उगाच पानंच्या पानं लिहितात. चांगला तळ असलेले बूट, डोक्यावरची बॅटरी आणि तिचे जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचार, पावसाळ्यानंतरच्या कारवीसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट. घोणस आणि फुरसं दोन्ही सह्याद्रीत आहेत, रात्री बॅटरीशिवाय लघवीलाही जायचं नाही. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं नको. माणसाला हलू न देता शक्य तितक्या लवकर दवाखान्यात. "महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर"चा मदत क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा. घरी एक चिठ्ठी: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा.

गावात वागायचं कसं हेही आखणीतच येतं. वाटाड्या घ्या, वाट माहीत असली तरी पहिल्या खेपेला घ्या, आणि पैसे आधी बोलून घ्या. "दादा, काय द्यायचं ते सांगा" म्हटलं की तो संकोचतो आणि तुम्ही कमी देता. जेवण त्याच्या घरी सांगा, पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळेल, पण संख्या आदल्या रात्री कळवा. देवळात मुक्काम करायचा तर पुजाऱ्याला विचारून. बऱ्याच गडांवर आता मुक्कामाला बंदी आहे, ती मोडून वर तंबू ठोकण्यात मर्दुमकी नाही. पायथ्याच्या वाडीत पडवी मिळते, आणि वाटांच्या गोष्टीही रात्री तिथेच ऐकायला मिळतात.

पहिलं वर्ष कसं लावायचं: ऑक्टोबरात केळदचा उपांड्या-मढे फेरा. नोव्हेंबरात कुरवंडे घाट, लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून खाली चावणीला, वाटेत उंबरखिंड. 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज जिथे अडकली ती जागा चालत उतरलात की ती का अडकली ते बघायला सेनापती असावं लागत नाही. डिसेंबरात नाणेघाट आणि जीवधन. वर्षाची मोठी रजा डिसेंबरअखेर सातमाळला. जानेवारीत अहुपे घाट, खोपिवलीहून वर. फेब्रुवारीत राजगड-तोरणा जोडून, संजीवनी माचीवरून बुधल्याकडे. हे दोन्ही किल्ले तुमचे झालेत, मधली सोंड झालेली नाही. मार्चनंतर सिंहगड, पोहणं आणि प्रस्तरारोहणाचं प्रशिक्षण. उरलेले आठवडे मोकळे ठेवा, त्यातले निम्मे कुणाच्या तरी साखरपुड्यात जाणार आहेत.

आणि घर. बारा शनिवार-रविवार वर्षाच्या सुरुवातीला पत्नीबरोबर बसून दिनदर्शिकेवर लावा आणि तिचे स्वतःचे बारा कुठले हेही त्याच बैठकीत लिहा. एकतर्फी ठरवलेली दहा वर्षांची योजना दुसऱ्या दिवाळीला मोडते. मुलीला या बारांत ओढू नका, तिच्यासाठी वेगळे दिवस ठेवा: लोहगड, तिकोना, शिवनेरी. तिथे वेग तिचा, थांबे तिचे, आणि ती "पुरे" म्हणाली की परत. रविवारी रात्री सगळे दमलेले असताना गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरवा. कुणी नसेल तर एसटी किंवा भाड्याचा चालक. मुलगी बारा-तेराची झाली आणि तिला आवड लागली असेल, तर तिला नाणेघाट खालून चढवा. वैशाखऱ्याला मुक्काम करून सकाळी सहाला निघालात तर उन्हं तापायच्या आत माथ्यावर असाल. घाटघरहून जुन्नरला जायची एसटी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, वेळापत्रक हंगामागणिक बदलतं.